उलटा उतरलेला कागद

४ फेब्रुवारी

ती. मामांस,

सा. न. वि. वि. आजचा नमस्कार नेहमीपेक्षा जास्त वाकून केलाय. का, ते पुढे कळेल.

खांदा कसा आहे? डॉक्टरांनी हात वर न्यायला मनाई केली म्हणून हे काम माझ्याकडे आलं. नाहीतर चाळीस वर्षं पाण्यावर रंग तरंगवून मार्बल पेपर बनवणाऱ्या माणसाने ग्रंथपाल भाचीला ट्रेजवळ फिरकू दिलं नसतं. मामी गेल्यावर तिने हाताने बनवलेले सहाच कोरे कागद उरले. मी त्यांवर रंगांची नक्षी उतरवायची आणि त्या नक्षीवर तुम्ही रंगीत पेन्सिलींनी तिचा चेहरा काढायचा, असं ठरलं होतं.

तुम्ही सांगितलं तसं प्रत्येक कागदाच्या एका बाजूला तुरटीचं पाणी लावलं. तीच बाजू रंग धरते. सुकल्यावर दोन्ही बाजू सारख्या दिसतात, म्हणून पाठीमागे पेन्सिलीने बारीक फुली केली. मग वाटलं, मामीच्या कागदावर फुली कशाला? सगळ्या फुल्या खोडरबराने पुसून टाकल्या. पुसताना फार बरं वाटलं, हेही कबूल करते.

पाच कागद गठ्ठ्यातल्या क्रमानेच उचलले, ते नीट झाले. सहावा हातातून निसटला आणि उलटा उचलला गेला. ट्रेमधून वर घेतला तेव्हा नक्षी झकास होती. धुवायला घेतला तर रंग पाण्याबरोबर निघून चालले. मी नळ बंद केला आणि बघत राहिले. मागे फक्त फिकट सावल्या राहिल्या होत्या. वाईट वाटायच्या आधी मला तो कागद सुंदर वाटला. आपलीच चूक अशी आवडून घ्यावी का, ते मला ठरवता आलेलं नाही.

सहाही कागद दाबून, सपाट करून पाठवतेय. पाचच झाले असं कळवावं, हा विचार अर्धा दिवस मनात होता.

माझ्यावर लोभ आहे, तो हे वाचल्यावरही टिकावा.

तुमची भाची


२३ फेब्रुवारी

चि. शंकेखोर हिस,

अ. उ. आ. आणि टपालाने एक धपाटा.

फुली करायला विसरणारे पुष्कळ पाहिले. पुसून टाकणारी तूच. तुझी मामी असती तर पोट धरून हसली असती आणि वर तुझीच बाजू घेतली असती.

पाच कागद असे उतरलेत की मला हेवा वाटला. पण चेहरा काढायला बसलो आणि तिथेच अडलो. गालावरून निळी लाट जाते, डोळ्यात लाल ठिपका येतो. पेन्सिलीचा रंग पातळ, त्याचं त्या नक्षीपुढे काय चालणार? ती गर्दीत हरवल्यासारखी दिसायला लागली. तीन कागद गेले. पुस्तकाच्या आत शोभणारी नक्षी चेहऱ्याखाली चालत नाही, हे मला या वयात कळलं.

मग चिडून तुझा उलटा कागद घेतला. तिच्या कागदाचा खरखरीतपणा तसाच होता, पेन्सिल टेकवली की रंग धरत होता. हलक्या हाताने थरावर थर देत गेलो. कपाळापर्यंत आलो तर उरलेलं कपाळ त्या सावल्यांत आधीच होतं. हनुवटीखालची सावली मी काढलेलीच नाही. चार दिवस मी फक्त तिच्या मागे मागे जात होतो. शेवटी पेन्सिल ठेवली आणि उठून उभा राहिलो, घरात कुणी मोठं माणूस आलं की उठतात तसा.

चित्र पुरं झालंय. पण पेन्सिलीतलं मेण वर येतं आणि चेहरा धुरकटतो. मऊ कापडाने अलगद पुसलं की ती पुन्हा दिसते, तिसऱ्या दिवशी पुन्हा धूर. रंग पक्के करणारा शेवटचा फवारा मारला की हे थांबेल. मात्र त्यानंतर त्यावर पेन्सिल चालणार नाही. रोज बाटली हातात घेतो आणि खाली ठेवतो.

जमलं तर ये. खांद्याचं निमित्त सांगत नाही, खांदा बरा आहे.

तुझा मामा


१२ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि. काल घरी सुखरूप पोचले. तुम्ही डब्यात भरून दिलेलं सगळं प्रवासातच संपवलं.

तुमच्या समोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मामी मला नीट आठवते असं मी धरून चालले होते. तुमच्या खोलीच्या दारातून चित्र पाहिलं आणि कळलं, माझ्याजवळ तिचा आवाज होता, तिची कामं होती, चेहरा नव्हताच. हसू आवरताना तिचा खालचा ओठ एका बाजूला आत जायचा, हे मी इतकी वर्षं समोर असूनही पाहिलं नव्हतं. मी दारातच थांबले. आत जायला परवानगी घ्यावी असं वाटलं.

फवारा तू मार, असं तुम्ही म्हणालात. माझा धीर झाला नाही. मी विचारलं, अजून काही करायचं राहिलंय का. तुम्ही चित्रावर वाकून पाहिलंत. मग म्हणालात, राहिलंय खूप, पण ते चित्रात नाही.

आणि बाटली तुम्हीच उचललीत. तो प्रश्न मी विचारायला नको होता का, असं घरी येईपर्यंत घोकत होते. आता नाही. कारण आता आठवतं ते हेच, की फवारा कागदावर बसला, क्षणभर सगळे रंग ओले होऊन गडद झाले, ती एकदम जवळ आली, आणि आपण दोघंही एक पाऊल मागे सरलो.

उत्तराची घाई नाही. लोभ असाच मुरत राहू द्यावा.

तुमची भाची