भिंतीकडे कोण झोपतं?

मंगळवार, संध्याकाळ

आज लालबागला गादी बघायला गेलो. ह्यांची कंबर गिरणीत मागावर उभं राहून गेली, माझी संपात लोकांच्या चपात्या लाटून. दुकानदार म्हणाला, ‘फोम खचतो, आत काथ्या असलेली घ्या. दोघं झोपून बघा.’ मग विचारलं, ‘भिंतीकडे कोण झोपतं?’

काय सांगणार? चाळीत हे जन्मभर गॅलरीत झोपले, मी आत पोरांजवळ. भिंतीकडे कोण, ते कधी ठरलंच नाही. आज ठरेल असं वाटलं होतं मला. मूर्खच मी.

हे म्हणाले, ‘दोन सिंगल द्या. एक गॅलरीच्या मापाची.’

पोरं कधीच वेगळी झाली, खोली रिकामी आहे. आता कुणाला जागा करून द्यायला बाहेर झोपणार आहेत?