मूठभर जुना भुसा

४ मार्च
पोचलो. खोली प्रयोगशाळेच्या आवारातच आहे. दोन मोठ्या खिडक्या, मऊ गादी, व्यायामाची सायकल; बाहेर फेऱ्या मारायला अंगण. कार्यालयातून हिला फोन केला. म्हटलं, तुझ्या माहेरीसुद्धा जावयाची एवढी बडदास्त ठेवली नव्हती. म्हणाली, मग तिकडेच घरजावई व्हा. जोडप्यांसाठीची खोली मिळाली की तिला आणायचं ठरलंय. तिनं आत्तापासूनच बांधाबांध सुरू केली असणार.

६ मार्च
कामाला लागलो. शिकवणारे एक जुने नोकर आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. काही उंदरांना ऐसपैस पिंजरे, सोबती, पळायला चाक. बाकीच्यांना अंग वळवण्यापुरती जागा, तीही एकेकट्याला. खाणं सगळ्यांना तेच. पहिल्यांची कातडी तुकतुकीत. दुसरे फुगलेले, पाठीवरचे केस गळालेले. मामा म्हणाले, माणसाचंही असंच रे, बसून खाल्लं की झालं.

पिंजरा बदलताना जुना भुसा मूठभर नव्यात टाकायचा. स्वतःचा वास आला की उंदीर घर समजून बसतो. नाहीतर दिवसभर जाळी कुरतडतो.

११ मार्च
बाहेरचे जंतू आत यायला नकोत म्हणून आम्ही आवार सोडायचं नाही, हे आधीच सांगितलं होतं. पण अंगणही बंद केलंय. इथल्या मुख्य डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुरुस्ती आहे. मग माझी भूक, झोप, वजन विचारत बसल्या. संध्याकाळी सायकलही नेली.

१९ मार्च
कामावरून आलो तर खोली बदललेली. अगदी लहान. खिडकी नाही, एका भिंतीला काच. चिडायला हवं होतं, पण आत पाऊल टाकलं आणि बरंच वाटलं. पलंग नवा, उशी नवी. वर चादर मात्र माझीच, न धुतलेली. तिच्यावर टेकलो. घरी आल्यासारखं वाटलं.
मग मामांचा भुसा आठवला.
दाराला आतून कडी नाही.

२० मार्च
कामाला नेलं नाही. ताट झडपेतून आलं. हात मामांचा. म्हटलं, मामा, दार उघडा. म्हणाले, चादर मी ठेवली रे. बाकीचे तेवढंही करत नाहीत.

२ एप्रिल
पाय सुजलेत. उशीवर केस. गोल गोल फिरतो, एकाच बाजूनं. उलटं फिरून पाहिलं. जमत नाही.
वही तेवढी राहू दिलीय.

५ एप्रिल
काचेपलीकडे डॉक्टरीणबाई. माझ्याशी नाही, मामांशी बोलत होत्या. हा खालावतोय. सोबत दिली तर सावरतो का, पाहू. बायको आहे ना याला?
नको म्हणून ओरडलो. काचेवर डोकं आपटलं. त्यांनी टिपून घेतलं.
बरा दिसलो तर तिला आणणार नाहीत.

६ एप्रिल
जोर. उठाबशा. जागच्या जागी पळणं. ताट चाटूनपुसून. काचेशी कुणी आलं की हसतो.

१३ एप्रिल
सूज उतरली. फिरणं थांबवलं — दात आवळून. मामा म्हणाले, गड्या, तू तर टुणटुणीत झालास. बाई खूश आहेत.
वाचली ती. वाचली.

१४ एप्रिल
मामा झडपेशी बसून राहिले. मग म्हणाले, बाईंचा विचार बदललाय. आजारी नराजवळ मादी ठेवत नाहीत, दगावते. आता तू ठणठणीत आहेस.
फोन कालच गेला. माझ्या नावानं. खोली मिळाली म्हणून.

१५ एप्रिल
काचेपलीकडे नवं सामान. पडदे. दोन उशा. सायकल —
तिला सायकल येत नाही.

१६ एप्रिल
आवाज तिचाच. मामांना विचारतेय, हे कुठायत, कामावर का. म्हणतेय, अगंबाई, केवढा उजेड — हसतेय —
काच बडवतोय, तिकडे काही ऐकू जात नाही. त्या उजेडात तिच्या बाजूनं काचेचा नुसता आरसा झाला असावा — केस सारखे करतेय त्यात, माझ्या तोंडासमोर —
दार अजून उघडं आहे. बॅग उंबऱ्याबाहेर. ती घ्यायला वळलीय. जा. बॅगेसकट जा, मागे बघू नकोस, ते दार —
मामा बॅग उचलून आत —