मिरचीवरची धूळ

निपाणी, रविवार, ३ मे १९८७

प्राध्यापक झाल्याचा आज पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. चिकोडीच्या बाजारातून आणलेल्या वाळल्या मिरचीला कीड लागू नये म्हणून म्हणे गॅमा किरण दिलेत! ही आवई शेजारच्या काकूंनी उठवली आणि आमच्या आक्कानं वर्षाची चटणी कांडायची थांबवली. मला नसती हौस, सांगून बसलो की हे ओळखता येतं. मिरचीवरची धूळ गोळा करायची आणि कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत तापवायची. किरण दिले असतील तर त्या धुळीतून मंद उजेड निघतो, तो यंत्रावर मोजायचा. मिरची नव्हे, धूळ. हे मी आक्काला सांगितलं होतं का? सांगितलंच असणार.

संध्याकाळी आक्कानं सूपभर मिरच्या समोर ठेवल्या. एकेक मिरची ओल्या फडक्यानं पुसून, देठ काढून, तेलाचा हात फिरवलेली. आरशागत चकचकीत.

"आक्का, ह्यावरची धूळ कुठाय?"

"कॉलेजात न्हेणार म्हणालास न्हवं? तुझ्या सायबाम्होरं घाणेरडी मिरची धाडू व्हय रं?"

"अगं, मला धूळच पायजे होती!" मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

ती आतल्या खोलीत गेली. जरा वेळानं बाहेर आली आणि कागदाची एक पुडी माझ्या हातावर ठेवली.

"घे. धूळच पायजे न्हवं?"

चांगली वजनदार पुडी. एवढी धूळ पोतंभर मिरचीवरसुद्धा मिळाली नसती. खूश होऊन विचारलं, "कुठनं आणलीस गं?"

"तुझ्या पुस्तकांवरनं."