शाल्मलीच्या थ्रिलरची पहिली दोन मिनिटं

६ जुलै, रविवार
शाल्मलीला बारावीच्या मीडिया स्टडीजचा प्रोजेक्ट आलाय. थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात करायची. दोन मिनिटं. पुढचा सिनेमा करायचाच नाही. कथाकल्पना मुलांची स्वतःची, ओरिजिनल हवी; पालकांनी मदत करू नये, असं शाळेच्या पत्रात ठळक अक्षरांत आहे. तिच्या गटात वेदांत आणि सिद्धी, दोघंही आमच्याच सोसायटीतले.
मदत करणार नाही. आईवडील प्रत्येक गोष्टीत घुसले की मुलं पांगळी होतात, हे माझं जुनं मत आहे. मी कॉलेजात एकांकिका केलीय (दुसरा इन्स्पेक्टर, उत्तेजनार्थ बक्षीस), म्हणून मोह होईल. आवरायचा. पुढच्या जूनमध्ये ती शिकायला पुण्याला जाणार. त्याआधी दोघांनी मिळून काहीतरी एक करावं, असं वाटतं खरं. पण तिने विचारलं तरच.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.४०
एक कल्पना सुचली. फक्त नोंदवतो, देणार नाही. के. आर. पुरम स्टेशनचा पूल. पुलावर एक माणूस. खालून गाडी जाते. गाडी गेल्यावर माणूस नाही.

६.५५
सांगितली. ही मदत नव्हे, जेवणाआधीच्या गप्पा. "छान आहे बाबा," म्हणाली आणि मोबाइल बघू लागली. आत्याने दिलेल्या मोरपंखी स्वेटरलाही ती 'छान' म्हणाली होती. तो तिने एकदाही घातलेला नाही.

९ जुलै
कल्पना चौदा झाल्या. सातवी विशेष जमलीय: यशवंतपूरच्या मार्केटमध्ये कांद्याची पोती उतरतायत, एका पोत्यातून हात बाहेर. शाल्मली म्हणाली, "बाबा, तुझ्या दोन मिनिटांत चार खून आहेत." म्हटलं, तीन कर. कपाळाला हात लावून आत गेली.
शाळेच्या नियमाचा पुन्हा विचार केला. मी कल्पना देत नाहीये, पर्याय मांडतोय. दोन्हींत फरक आहे. आहे ना? आहे.

१२ जुलै, शनिवार
मुलं आज आमच्याकडे बसतील असं धरून समोसे आणले, व्हाइटबोर्ड पुसला, तीन रंगांचे मार्कर ठेवले. पाच वाजले, साडेपाच वाजले. माझी बायको यशश्री म्हणाली, "अरे, ती सुधींद्र अण्णांकडे बसतात. दोन आठवडे झाले. तुला माहीत नाही?"
दोन आठवडे! म्हणजे मला प्रोजेक्ट कळायच्या आधीपासून.
सुधींद्र अण्णा म्हणजे बी ब्लॉक, पाचवा मजला. वय सत्तर. सरकारी कचेरीतून निवृत्त. घराणं मराठी, पण साडेतीनशे वर्षांपासून या कन्नड मुलखात, म्हणून मराठीत निम्मं कन्नड. अण्णांचा सिनेमाशी संबंध काय? थिएटरात शेवटचे कधी गेले, त्यांनाच आठवत नसेल.
मला मत्सर वाटत नाही. हे लिहून मी थांबलो आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही वाटत. फक्त आश्चर्य वाटलं, आणि ते समोसे खाल्ल्यावरही गेलं नाही. सहा खाल्ले.

१४ जुलै, संध्याकाळी ७.०५
अण्णांचा हॉल आमच्या बाल्कनीच्या बरोबर समोर येतो, मध्ये बॅडमिंटन कोर्ट. हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. तुळशीला पाणी घालायला आलो होतो. वही हातात होती हा योगायोग.
७.१२ चौघं टेबलाभोवती. मुलं बोलतायत. अण्णा मान हलवतायत.
७.२० शाल्मली हसली. मोठ्याने. घरी इतकं कधी हसली? दिवाळीत, बहुतेक.
७.३१ कोडबळ्यांचं ताट (म्हणजे आपली कडबोळी).
७.४० अण्णांनी खिडकीतून हात केला. मला की पडद्याला, कळलं नाही. मी उत्तर दिलं नाही. मी बघत नव्हतोच.

१६ जुलै
पद्धतशीर मार्ग घेतला. शाल्मलीला ऑफिसच्या कॅलेंडरवरून मीटिंग पाठवली: 'थ्रिलर: साप्ताहिक आढावा', बुधवारी आठ ते साडेआठ. तिने डिक्लाइन केली. कारणाच्या जागी लिहिलं, 'बाबा प्लीज'.
पण त्यांच्या पटकथेच्या गूगल डॉकचा ॲक्सेस दिला. एडिटर! म्हणजे विश्वास आहेच. डॉकमध्ये अजून अर्धंच पान. एक मुलगी घरी येते, दिवा लावते, आणि पुढे काही नाही. रिकाम्या जागा भरायला संध्याकाळपर्यंत वेळ दिला स्वतःला.

१७ जुलै
एकतीस शेरे टाकले. प्रत्येकाला गंभीरतेची पातळी दिली, ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुकांना देतो तशी; एक म्हणजे सर्वांत गंभीर. 'मुलगी दिवा का लावते? पातळी एक.' 'चप्पल कुठे काढली? पातळी तीन.' दोन वाक्यं स्वतःच दुरुस्त केली, कारण चूक दिसत असताना सोडणं मला जमत नाही. आणि एका माणसाला पोत्यात घातलं. लहानसं पोतं.
दुपारी बघितलं तर मी आता एडिटर नाही. कमेंटर. पोतं नाही.

१९ जुलै, शनिवार
लिफ्टमध्ये सुधींद्र अण्णा भेटले. सहज विचारलं, मुलांना काय मार्गदर्शन करता? म्हणाले, "अय्यो, मी काय करणार शंतनुराव! मला सिनेमातलं काही कळत नाही की हो. पोरं बोलतात, मी ऐकतो. मधे एकदा 'मग पुढं काय मा?' म्हणतो. तेवढंच, स्वल्प." मग म्हणाले, "तुम्हीपण या की एकदा." म्हटलं, बघू, कामं असतात.
असले लोक फार हुशार असतात. काही करत नाही म्हणायचं आणि सगळं करायचं. 'मग पुढं काय' हे तंत्र आहे. मी मॅनेजरांच्या ट्रेनिंगमध्ये शिकलोय, सर्टिफिकेटही आहे. त्यांना सहज येतं, हा त्यांचा दोष नाही.
संकल्प: उद्यापासून मीही फक्त ऐकणार.

२० जुलै, रविवार
नाश्त्यानंतर शाल्मलीच्या समोर बसलो. काही बोललो नाही. ती पोहे खात होती. मी हलकं स्मित ठेवलं, मान हलवत राहिलो. चाळीस मिनिटं. मधे एकदा म्हटलं, "मग पुढं काय?" ती म्हणाली, "पुढे आंघोळ." आत जाऊन आईला विचारलं, "बाबाला बरं नाहीये का?" यशश्रीने येऊन ताप बघितला.
तंत्रात दोष नाही. वेळ चुकली.

२३ जुलै, संध्याकाळी ७.१०
बाल्कनी. आता हे रोजचंच झालंय, पण तुळस खरंच तरारलीय.
७.१५ शाल्मलीच्या हातात कागद. अण्णांना कॉम्प्युटर वापरता येत नाही म्हणून तिने पटकथेच्या प्रिंट काढल्यात. मोठ्या अक्षरांत! मी परवा ऑफिसचं पार्सल परत पाठवायचं लेबल प्रिंट कर म्हटलं तर शाई संपली होती.
७.२२ चौघं खिडकीपाशी आले. बाहेर बघून काहीतरी बोलले. सिद्धीने मोबाइलवर फोटो काढला, बहुधा आभाळाचा.
७.२४ एकदम सगळे टेबलाकडे पळाले आणि लिहायला लागले. काहीतरी सुचलं त्यांना. अण्णांच्याच घरात सुचायचं होतं.

२४ जुलै
कल्पना ठरली! डॉकमध्ये वाचली. एक मुलगी घरी येते, दिवा लावते. समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कनीत एक माणूस उभा आहे. तो काही करत नाही. नुसता बघतो आणि वहीत काहीतरी लिहितो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही. मुलगी पडदा ओढते. संपलं.
खून नाही. पोतं नाही. प्रामाणिकपणे शेरा टाकला: 'पात्र अविश्वसनीय. असा माणूस असतो का? याला नक्की हवंय काय? पातळी एक.'
शाल्मलीचं उत्तर आलं: 'तेच शोधतोय बाबा.'
अर्ध्या तासाने मी व्ह्यूअर झालो. फक्त वाचू शकतो.

२६ जुलै, शनिवार
आजचा दिवस ठसठशीत अक्षरांत लिहायला हवा. शाल्मली स्वतःहून माझ्या खोलीत आली. दारावर टकटक करून. म्हणाली, "बाबा, बाल्कनीतल्या माणसाचं काम करशील? पुढच्या रविवारी शूटिंग. आपल्याच बाल्कनीत."
मी अर्धं मिनिट विचार केल्यासारखं केलं, मग हो म्हटलं. म्हणाली, "फक्त ॲक्टिंग करू नकोस हं. रोज असतोस तसाच राहा."
दिग्दर्शकाने नटाला याहून मोठं काय म्हणायचं!
यशश्रीला सांगितलं. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाली, "शंतनु, तू खरंच..." आणि वाक्य सोडून कुकर बघायला गेली. भारावली असणार.
अण्णांना विचारलं नाही, मला विचारलं. हे मी मत्सराने लिहीत नाही. फक्त नोंद.

३० जुलै
तयारी. दाढी वाढवतोय. ऑफिसात विचारलं तर 'एका प्रोजेक्टसाठी' एवढंच सांगितलं. पात्राचा पूर्वेतिहास लिहिला, नऊ पानं. हा एक्केचाळीस वर्षांचा माजी टपाल कर्मचारी. लहानपणी भावाने पतंग हिसकावला. म्हणून बघण्यात वेदना हवी. आरशासमोर तीन प्रकारच्या वेदना बसवल्या. यशश्री म्हणते, तिन्ही ॲसिडिटीच्या वाटतात.

३ ऑगस्ट, रविवार, दुपारी १२.३०
सकाळी नऊला शूटिंग सुरू. कॅमेरा अण्णांच्या हॉलमध्ये, मी इकडे, शाल्मली फोनवरून सूचना देतेय.
पहिला टेक: भुवई उचलली. "बाबा, नुसता उभा राहा." दुसरा: वेदना क्रमांक दोन. "नुसता, बाबा." चौथ्यात वही छातीशी धरून आभाळाकडे बघितलं. फोनवर वेदांतचं हसू ऐकू आलं. अकरावा टेक संपला. मग शाल्मली हळूच म्हणाली, "बाबा, थांबूया का आपण? तू खूप मनापासून करतोयस. तेच अडतंय."
दहा मिनिटांत आमच्या दारात सुधींद्र अण्णा. चप्पल बाहेर काढून, संकोचून. "सॉरी हां शंतनुराव. पोरं म्हणाली म्हणून. मला काही येत नाही, नुसतं उभं राहतो." मी बाजूला झालो. माझा चेक्सचा शर्टही द्यावा लागला, कंटिन्युइटीसाठी (शॉटला शॉट जुळायला हवा). त्यांना तो बरोबर बसला.
ते उभे राहिले. एक खांदा खाली, मान किंचित पुढे. दोनदा खिडकीकडे बघितलं, वहीत लिहिलं, ओठ हलवले. पहिल्याच टेकला समोरच्या हॉलमधून टाळ्या.
एवढं बारीक निरीक्षण कुठून आणलं या माणसाने? मी दाराच्या फटीतून बघत होतो. अंगावर काटा आला, आणि ते मान्य करणं मला जड गेलं. तरी लिहितो. चांगलं केलं त्यांनी.
दाढी केली.

९ ऑगस्ट, शनिवार
शाळेत फिल्म दिली. शाल्मली आठवडाभर माझ्याशी जरा जास्तच गोड वागतेय. आज चहा करून आणला, साखर बरोबर. का, विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं.
बाल्कनीत गेलो नाही. गुडघा दुखतो.

१० ऑगस्ट, रविवार
संध्याकाळी शाल्मलीचा फोन. अण्णांच्या टीव्हीवर सगळे मिळून फिल्म बघतायत, तूही ये. मी शर्ट बदलत होतो तेवढ्यात पुन्हा फोन: "येताना चार खुर्च्या आण ना, इथे कमी पडतायत."
गेलो. दोन फेऱ्यांत खुर्च्या नेल्या. अण्णांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. "या या शंतनुराव, बसा," म्हणाले, पण तोवर खुर्च्या भरल्या होत्या. मी मागे, खिडकीला टेकून उभा राहिलो. शाल्मलीने वळून बघितलं, उठली, आणि येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.
फिल्म सुरू झाली. बाल्कनीतला माणूस आला तेव्हा सिद्धीच्या आजी "देवा" म्हणाल्या. तो माणूस लिहीत होता, मग थांबून समोरच्या उजेडाकडे बघत होता. भीती नाही वाटली मला. त्याच्याकडे बघवेना, इतकंच. शर्ट माझा होता म्हणून असेल.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वतःला समजावलं की हे सगळं झूम लेन्समुळे. नुसत्या डोळ्यांनी इतक्या लांबून कुणाला काय दिसणार. मग वेदांतने दिवा लावला आणि पडदा सरकवला.
आमची बाल्कनी दिसली. तुळस दिसली. तिच्याखालच्या थाळीत साठलेलं पाणीही दिसलं.
शाल्मलीने माझा हात धरला आणि कानात म्हणाली, "रागावू नकोस हं."
मी म्हटलं, छान आहे.