पहिल्या पानावरचा गरुड

२ जानेवारी १९७३, मंगळवार. नागपूर

उद्या दुपारची गाडी. आज धंतोलीला दवाखान्यात गणपतरावांना भेटून आलो. पोटाचं ऑपरेशन अठरा तारखेला. तोवर सलाईन आणि मोसंबीचा रस. माणूस चिपाडासारखा झालाय, बोलणं मात्र तेच. उशीखालून वही काढून माझ्या हातात दिली. मग स्वतःची दुर्बीण माझ्या गळ्यात घातली — नवरदेवाला हार घालावा तशी.

"रामाजी, पोरीकडे चाललाच आहेस तं पहिलं पान पक्कं करून ये गा. मी वर जायच्या आधी शाई लागू दे त्याले."

मी म्हटलं, "वर कुठी जाता? वरच्या मजल्यावर ऑपरेशनच होते फक्त."

हसले. हसताना पोट धरलं.

वही आम्हा दोघांची. सत्तावन्न सालापासून रोज सकाळी अंबाझरी तलावावर जातो तेव्हापासूनची. नियम एकच. पक्षी दोघांनी पाहिला तर शाई. एकट्यानं पाहिला तर पेन्सिल, दुसरा पाहीपर्यंत. एकशे चौऱ्याऐंशी नोंदी शाईत. पेन्सिलीत एकच, अगदी पहिली — "समुद्रगरुड. हर्णै बंदर, १९४८. डोकं पांढरं, अंग विटकरी." गणपतराव तरुणपणी तिकडे एका लग्नाला गेले होते. पाखरांचं वेड त्यांना त्या दिवसापासून लागलं, आणि मला त्यांच्यामुळे. मी समुद्रच पाहिलेला नाही.

४ जानेवारी. हर्णै

दादरहून एस.टी. घाटात दोनदा ओकलो. गोपिका उतरायच्या जागी उभी होती. पाया पडली आणि उठताना दुर्बीण दिसली.

"बाबा, मले भेटाले आले का पाखराइले?"

म्हटलं, तुले. पाखरं वाटेत आहेत.

जावई इथल्या शाळेत मास्तर. घर नारळांच्या वाडीत. समुद्राचा आवाज येतोय. दर्शन उद्या.

५ जानेवारी

समुद्र पाहिला. अंबाझरीला निदान पलीकडचा काठ असतो.

होड्या लागल्या तसा बंदरावर गेलो. वर पाहतो तर पांढरं डोकं, विटकरी अंग! एक नाही, वीस-पंचवीस. वहीशी ताडून पाहिलं, अक्षर न् अक्षर जुळलं. वाळूतच बसलो, पेनचं टोपण काढलं. शेजारी एक बाई मासे कापत होती. यमुताई तिचं नाव.

"काय लिवता, आजोबा?"

समुद्रगरुड, म्हटलं. तिनं सुरा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसली.

"गरुड कसला? ब्राह्मणी घार ती. आमची मच्छी पळवते. गरुड येकटा असतो, त्याची ऐट येगळी. उद्या सात वाजता ओहोटी हाय. त्या काळ्या खडकावर येतो बघा."

टोपण लावलं. आमच्याकडे आकाशात फिरते ती मातकट घार. ही लाल मी जन्मात पाहिली नव्हती. मग गणपतरावांनी काय पाहिलं? दोन्ही पाहिले असतील. लिहिताना घोळ झाला असेल. पंचवीस वर्षं झाली.

६ जानेवारी

सातला गेलो. भिंगावर पाण्याचे तुषार. धोतरानं पुसेपर्यंत खडकावरून काहीतरी मोठं उठलं. पाठमोरं गेलं. रंग सांगता येणार नाही.

७ जानेवारी

सात ते आठ. नाही.

८ जानेवारी

सात ते आठ. नाही. गोपिका चहा झाकून ठेवते म्हणून आठला घरी येतो. गणपतराव आता काय करत असतील, हेच डोक्यात.

९ जानेवारी

सातला गेलो तर खडकच जागेवर नाही. टोक तेवढं पाण्याबाहेर. यमुताईला विचारलं, पाणी एवढं कुठून आलं? तिनं आजूबाजूच्या बायकांना हाका मारून मारून बोलावलं.

"ऐका गो, आजोबा रोज साताच्या ठोक्याला येतात, आन् समुद्राला सांगतात वेळेवर ये म्हणून!"

तेव्हा कळलं. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. आज सव्वानऊला होती. काल मी आठला चहा प्यायला परतलो, आणि माझी पाठ फिरल्यावर खडक पुरता उघडा पडला. काल-आज दोन्ही दिवस वाया. पंधरा वर्षं तलावाकाठी काढली की पाणी जागचं हलत नाही असं माणूस धरून चालतो.

यमुताईनं जाताना एक बांगडा दिला. म्हणाली, "रागावू नका हां. उद्या धा वाजता."

१० जानेवारी

दहा वाजून दहा. पाहिला.

पोट पांढरं, नुकतं धुतल्यासारखं. पाठ राखी. शेपूट आखूड, पाचरीसारखं. घारीच्या दीडपट तरी. पायात पाण्यातला साप धरून खडकावर बसला आणि सावकाश जेवला. मी श्वास धरून. अंगावर विटकरी रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

म्हणजे गणपतरावांनी पाहिली ती घार. एकदा या पाखराला पाहिलं की घोळ होणंच शक्य नाही. पंचवीस वर्षं ते सांगताहेत, पंधरा वर्षं मी ऐकतोय. आनंद व्हायला हवा होता. वही न उघडताच घरी आलो.

११ जानेवारी

गोपिकेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तं सांगता काहून? आजारी माणूस हाय. शाई लावा न् मोकळे व्हा."

"वहीत खोटं लिहू?"

"ते वही वाचते कोन, बाबा? तुम्ही दोघंच नं?"

दोघंच. तेच तर.

१२ जानेवारी

आज खडकाकडे गेलो नाही. गोपिकेला खोबरं किसून दिलं. तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. चूक दिसली की चिमट्यानं खिळा उचलायचा, दुसरा बसवायचा. एकदा मालकानं म्हटलं होतं, राहू दे रे, कोण पाहतंय. मी राहू दिलं नव्हतं. पण खिळ्याला पोटाचं ऑपरेशन नसतं.

१५ जानेवारी. गाडीत

गोपिकेनं सोलकढीची आमसुलं बांधून दिली, गणपतरावांसाठी. "काकाइले म्हणा, बरे होऊन या."

भुसावळपर्यंत विचार केला. ठरलं. शाई लावणार, त्यांच्यासमोर. विचारलं तर म्हणणार, तुम्ही सांगितला तसाच होता. टेबलावर जाताना माणसाचं मन हलकं हवं. पाप लागलं तर मला लागेल. आणि माझा गरुड? तो वहीत नसला तरी काय बिघडतं. मी पाहिला आहे.

पेनात शाई भरली. गाडीच्या हिसक्यानं बोटं निळी झाली.

१७ जानेवारी, बुधवार. नागपूर

उद्या आठला ऑपरेशन. दवाखान्यात गेलो, पहिलं पान उघडलं, पेन काढलं. गणपतरावांनी माझं मनगट धरलं. उशीखालून खोडरबर काढला.

"मागच्या पावसाळ्यात एका पुस्तकात चित्र पाह्यलं गा. मी पाह्यली ते घार होती. तुले इतकी वर्षं सांगून राहिलो होतो, तोंड उघडेना. म्हटलं, तू खरा पाहून येशील."

 त्यांनी स्वतःच्या हातानं नोंद खोडली, फुंकर मारली, वही माझ्याकडे सरकवली. "लिही. कसा होता?"

सांगत गेलो, लिहीत गेलो. सापापाशी आलो तेव्हा ते उठून बसले. पेन्सिलीतच लिहिलं, नियम तो नियम.

माझं शाईचं पेन त्यांनी ठेवून घेतलं. म्हणाले, "हे मी गिरवीन. ओहोटीची वेळ तेवढी विचारून ठेव."