हिरव्या पायरीवरचा पाहुणा

चि. सौ. झानेता हिला व्हेनिसहून ओर्सोलाताईचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं खुशाल, माझे गुडघे सोडून. तुझी दाढ काढलीस, की अजून तिच्या नावाने रडतेस?

अक्षर छान दिसतंय ना? मला कुठे वाचता येतं, तूच सांग. न्यूरेंबर्गच्या लीनहार्टचं आहे. वरच्या खोलीतला उतारू. पाय मुरगळून पडलाय, नुसता लोळतो काय म्हटलं, म्हणून मी सांगते नि तो लिहितो. (लिही रे, थांबू नकोस. तुझंच कौतुक येतंय.)

हल्ली हे परदेशी लोक छापील पुस्तक हातात धरून आपलं गाव बघतात. म्हणजे पुस्तक बघतात. गाव मध्ये आलं तर वळसा घालतात. चर्चमध्ये शिरले की मान पानात, मग एकदा वर, "हां" म्हणाले की झालं दर्शन. ज्या घंटाघराखाली माझा जन्म गेला त्याची उंची मलाच ऐकवतात. उतरायचं कुठे तेही पुस्तकच सांगतं, तर त्या पास्क्वाकडे! तिच्या गादीतले ढेकूण त्या पुस्तकापेक्षा जुने आहेत. आणि माझी खोली ईस्टरपासून ओस होती. हिवाळाही असाच गेला तर घर विकून तुझ्या दारात येऊन बसेन, सांगून ठेवते.

तर हे आपले लीनहार्ट शहाणे माझ्या दारापुढे बोटीतून उतरले. नजर पुस्तकात. आपल्याकडे रांगतं पोरसुद्धा ओहोटीला हिरव्या पायरीवर पाय देत नाही. याने दोन्ही दिले. मी खिडकीतून ओरडले, "अरे बाबा, शेवाळ!" तर हा पुस्तकात शेवाळ शोधायला लागला. (शोधलंस की नाही? मग लिही.) बुडतानासुद्धा पुस्तक वर धरलेलं, मुडदा खाली, ज्ञान कोरडं. नावाड्याने बखोट धरून ओढला, मी कांदा-सिरक्यात मुरवलेले मासे चारले, आणि पास्क्वाकडे निघालेला माणूस माझ्याकडे आडवा झाला. आता म्हणतो, "आजी, असे मासे पुस्तकात नव्हते." कसे असतील?

तुझी,
ताई

ता. क. तुझा जावई आमच्या पायऱ्या खरवडायला येणार होता ना? येऊ नको म्हणावं. शेवाळ आहे तसं राहू दे. पास्क्वाकडे पुस्तक आहे, माझ्याकडे पायरी. (हसतोस काय? लिही.)

ता. क. हे आजींनी सांगितलेलं नाही. जावईबापूंनी खरवडायला अवश्य यावं. घरी पोचलो की मीही एक पुस्तक छापणार आहे. उतरायची जागा म्हणून त्यात हेच घर घातलंय. पुढचे पाहुणे कोरडे यावेत. लीनहार्ट.

ता. क. पुन्हा मीच. हा मघापासून न विचारता काय खरडतोय? विचारलं तर म्हणतो, "तुमच्या बहिणीच्या दाढेची चौकशी." झानेते, तुझी दाढ एवढी लांब कधी झाली गं?