सासूबाईंच्या सात सीड्या

३ नोव्हेंबर, सोमवार
पहिलं सॉफ्टवेअर उडवलं! अडीच तास फुकट. सीडी घातली की आधी ईमेल मागतं, मग फोन नंबर, मग म्हणतं तीनच गाणी फुकट. मेल्या, सीडी आमची, आवाज माझ्या सासूचा — तू कोण अडवणारा?

स्मिताची हळद बावीसला. लेकीचा एकच हट्ट, हळद लागताना धवला, म्हणजे आमचं लग्नविधीचं गाणं, आजीच्याच आवाजात हवा. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, मालतीबाई. आमच्या बोनकोडे गावात लग्न म्हटलं की धवलारीण हीच. तिनं धवला गायल्याशिवाय मांडवात पान हलायचं नाही. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि वाचा गेली. आता खुर्चीत बसून काठी आपटते. हवं असलं तरी आपटते, नको असलं तरी आपटते.

उरल्या सात सीड्या, बिस्किटाच्या डब्यात. एकोणीस वर्षांपूर्वी भरलेल्या. घरात आता सीडी लावायला काही नाही, म्हणून लॅपटॉपवर उतरवायच्या. हे काम कोणाकडे? मिथुन म्हणतो, उन्नती, तू ऑफिसात दिवसभर कम्प्युटरवरच असतेस ना! नवऱ्याला टीव्हीचा रिमोट सापडत नाही, पण कामं वाटता येतात.

५ नोव्हेंबर, बुधवार
दुसरं सॉफ्टवेअर. हे अतिशहाणं! सीडी घातल्याबरोबर इंटरनेटवरून गाण्यांची नावं आपणहून शोधून आणतं. सासूबाई ज्यात सगळ्या देवांना नि पितरांना नाव घेऊन लग्नाला बोलावतात, त्या आवतणाच्या धवल्याला नाव दिलं — 'जिम वर्कआउट भाग चार'. वर एका उघड्या छातीच्या बाप्याचा फोटो.

स्मिता हसून लोळली. मला हसू आलं नाही. उडवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
शिवा भावजी आले. माझे धाकटे दीर, हळदीत डीजे लावतात, त्यामुळे आवाजातलं सगळं यांनाच कळतं. म्हणाले, कशाला डोकं फोडता, द्या इकडे. दोन तासांत सातही सीड्या उतरवून पेनड्राइव्ह हातात! त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक टिक केली की शांत जागा आपोआप कापल्या जातात. शिवाय सासूबाईंनी प्रत्येक कडवं दोनदा म्हटलंय, त्यातलं दुसरं त्यांनी उडवलं. डबल कोण ऐकतंय, पब्लिक जेवायला पळेल, म्हणे.

दोनदा म्हटल्याचा मलाही रागच आहे. रेकॉर्डिंगवाला वाशीहून आला होता. म्हातारीला वाटलं असेल, आलाच आहे तर मिरवून घ्यावं. तीन दुपारी ती नि तिच्या दोन साथीदारणी पडवीत गात होत्या आणि मी भिंतीमागे, स्वयंपाकघरात, चहा गाळत. एकदाही इकडे ये म्हणाली नाही! लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तोंड उघडून विचारलं होतं, मला शिकवाल का. तर म्हणाली, "तुला नाय जमायचा. तू शिकलेली." माझं माहेर जासई. आमच्याकडेही लग्नं धवल्यानंच लागतात, कोर्टात नाही. पुन्हा विचारलं नाही. ऐकायचं मात्र सोडलं नाही. भिंतीला कान असतात, तसे सुनेलाही असतात.

संध्याकाळी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. पहिलं कडवं संपलं नि लगेच दुसरं. सासूबाईंनी काठी आपटली. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवत राहिल्या. चहा हवा असेल म्हणून करून दिला. कप ढकलून दिला. असली म्हातारी!

९ नोव्हेंबर, रविवार
भावजींच्या कॉपीत हळदीचा धवला तिसऱ्या कडव्यात तुटतो. अर्धी ओळ, आणि एकदम चौथं! फोन केला. "कोनाला कळतंय, वहिनी?"

मला कळतंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ऑफिसातल्या केतनने तिसरं सॉफ्टवेअर दिलं. रंग नाही, रूप नाही, शंभर खिडक्या नि हजार सेटिंग. सीडीचा प्रत्येक तुकडा दोनदा वाचतं, दोन्ही जुळले तरच पुढे सरकतं. एका सीडीला पावणेदोन तास! दोनदा, दोनदा! सासूबाईंनीच बनवलंय की काय हे?

केतन म्हणतो, मॅडम, हे खोटं बोलत नाही. बाकीची सॉफ्टवेअरं वाचता आलं नाही तर थुंकी लावून जोडतात नि सगळं ठीक म्हणून सांगतात. म्हणजे आमच्या भावजींसारखीच. हे काही कापत नाही, खोकलासुद्धा ठेवतं. बरं, ठेव बाबा.

१६ नोव्हेंबर, रविवार
चार सीड्या झाल्या. ऐकल्या नाहीत, नुसत्या उतरवल्या. आज पाचवी, हळदीची. सकाळी आठला लावली, दुपारी चारला बारा टक्के. ड्राइव्ह कण्हतोय. मध्येच मिथुनने सीडी काढून तिच्यावर टूथपेस्ट चोळली! कोणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं म्हणे, चरे जातात. धुतली, पुसली, पुन्हा पहिल्यापासून लावली. त्याच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

स्मिता कंटाळली. शिवाकाकांचीच लावू, म्हणाली. मी नाही म्हटलं. मग तिनं विचारलं, "आई, तुझं आजीशी कधी पटलं नाही. मग एवढं कशाला करतेस?"

कपड्यांच्या घड्या करायला उठले. हिच्या लग्नासाठी मरतेय, आणि हीच प्रश्न विचारते!

१८ नोव्हेंबर, मंगळवार
उतरली. तिसरं कडवं सोडून. चरा नेमका तिथेच, दोन्ही वेळचं गेलं. सॉफ्टवेअरनं सरळ लाल अक्षरात लिहिलं, वाचता आले नाही. पंधरा दिवस घासून हाती काय, तर भोक! केतन म्हणतो, आता कुठल्याच सॉफ्टवेअरने येणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
भोक किती मोठं ते बघायला हेडफोन लावून पाचवी सीडी ऐकली. न कापलेली.

पहिलं कडवं संपतं. शांतता. भावजींच्या सॉफ्टवेअरनं कापली ती. लांबून साथीदारीण विचारते, आता पुढचा ना? आणि सासूबाई, अगदी हळू —

"थांब गो. परत म्हनू. भिंतीमागं उन्नती उबी हाय, तिला सगला घावला नसंल. नि कोनी बोलू नका तिला. लाजंल, नि ऐकायची बंद होईल."

मग तेच कडवं. सावकाश. एकेक शब्द सुटा.

तीनदा ऐकलं. मग आधीच्या चारही सीड्या काढून बसले. सगळीकडे तेच, एकदा म्हणायचं, थांबायचं, पुन्हा म्हणायचं. सात सीड्याभर ती मला शिकवत होती, आणि मी चहा गाळत तिला शिव्या घालत होते.

एकोणीस वर्षं! सांगायला काय झालं होतं, बाई? तोंडानं 'इकडे ये' म्हटलं असतं तर जीभ झिजली असती? जीभ होती तेव्हा बोलली नाहीस, आता विचारू कोणाला?

तरी गेले. खुर्चीसमोर उभी राहिले, भांडायच्याच तयारीनं. विचारलं, "मी ऐकत होते ते तुम्हाला ठाऊक होतं?"

काठी एकदाच आपटली. भिंतीकडे बोट.

मला रडू आलं. तिलाही आलं. चहा केला. आज प्यायली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
भावजींनी हळदीचा धवला लावला, मी उतरवलेला, न कापलेला. तिसऱ्या कडव्याला आवाज गेला. मी म्हटलं ते कडवं. पुरतं येत होतं. संपलं, थोडी थांबले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. हळदीनं माखलेली स्मिता पुटपुटली, दोनदा का गं?

म्हटलं, गप. ऐक.